कर्ता कोण?

गेल्या चतुर्थीला घरी, नांदगावला होतो. सिंधुदुर्गातलं, कणकवली तालुक्यातलं नांदगाव. मुंबई-गोवा हायवेवरून जाताना देवगडचा फाटा जिथे फुटतो, तो तिठा आमचा. गणपतीची आरती झाली, मोदक झाले, आणि दुपारी पुतणी चार्टपेपर पसरून बसली. ती आठवीत आहे. सुट्टीतला प्रकल्प होता: ‘प्राण्यांच्या प्रजाती धोक्यात का येतात?’

तिने सुंदर अक्षरात चार मुद्दे लिहिले होते. जंगले तोडली जातात. शिकार केली जाते. प्रदूषण वाढते. हवामान बदलते. प्रत्येकाखाली गुगलवरून काढलेलं एकेक चित्र. वाघ, गेंडा, व्हेल, पांढरं अस्वल.

आई वाती वळत होती. तिने चार्टकडे पाहिलं आणि म्हणाली, “गिधाडा खंय हत ह्येच्यात? आमच्या लहानपणाक गिधाडा मस्त होती. ढोर मेला की कातळार नेवन टाकीत. दोन दिसात हाडा तेवढी ऱ्हवत.”

“मगे ती खंय गेली?” पुतणीने विचारलं.

“काय म्हायत. दिसाचीच बंद झाली.”

पुतणी माझ्याकडे वळली. “काका, कोणी मारली ती?”

मी तोंड उघडलं आणि थांबलो. उत्तर मला माहीत होतं. ते तिच्या चार मुद्द्यांपैकी एकातही बसत नव्हतं. शिवाय ते तिच्या आजीसमोर सांगणं जरा अवघड होतं.

*

तिचा चार्ट पुन्हा वाचा. ‘तोडली जातात’, ‘केली जाते’, ‘वाढते’, ‘बदलते’. शाळेत आपण प्रयोग शिकतो. कर्तरी, कर्मणी, भावे. वाक्यातला कर्ता शोधायला ‘कोण?’ असं विचारायचं असतं. जंगले तोडली जातात. कोण तोडतं? उत्तर नाही. प्रदूषण वाढतं, जसं काही गवत वाढतं.

मुलांना आपण ही गोष्ट बहुतेक वेळा अशी कर्ता काढून सांगतो. दुसरी पद्धत सिनेमाची. तिथे कर्ता असतो, पण तो खलनायक असतो. मोठ्या मिशा, खांद्यावर बंदूक, जंगलाबाहेर उभी जीप. पहिल्या गोष्टीत दोष कोणाचाच नाही. दुसऱ्या गोष्टीत दोष अशा माणसाचा, जो आपल्या ओळखीचा असणं शक्यच नाही. दोन्ही गोष्टी ऐकून आपल्याला रात्री छान झोप लागते.

मला वाटतं, दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. खरी गोष्ट सांगायची तर आधी एक साधा हिशेब समजून घ्यावा लागतो.

आमच्याकडे तो विहिरीवरून समजावता येतो. विहिरीत पाझर असतो आणि माणसं उपसा करतात. पाझरापेक्षा उपसा जास्त झाला की पाणी खाली जातं. कोणत्याही प्राण्याची जात अशीच असते. पिल्लं जन्मतात तो पाझर, प्राणी मरतात तो उपसा. उंदराचा पाझर जबरदस्त असतो, कितीही मारा, विहीर भरलेली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि त्यातलं पिल्लू स्वतः अंडी घालण्याजोगं व्हायला पाचेक वर्षं लागतात. इतका बारीक पाझर असेल, तर उपसा किंचित वाढला तरी विहीर आटते. घर मोडणं, जास्त पकडणं, विष, परका प्राणी आणून सोडणं, ऊन-पावसाचं गणित बिघडणं, ही सगळी एक तर पाझर बुजवण्याची किंवा उपसा वाढवण्याची कारणं. २०१९ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने एक मोठा अहवाल मांडला. त्यांच्या अंदाजाने प्राणी आणि वनस्पतींच्या सुमारे १० लाख जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत.

हे ‘कसं’ झालं. पुतणीचा प्रश्न ‘कोणी’ असा होता.

*

आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात सोपा कर्ता आधी घेऊ. वेंगुर्ल्याच्या समुद्रात खडकाळ बेटं आहेत. त्यांतल्या गुहेत एक छोटी पाकोळी राहते आणि लाळ वापरून कपारीला घरटं चिकटवते. पूर्व आशियात अशा घरट्यांचं सूप करतात आणि त्याला मोठी किंमत मोजतात. चोरटे बेटावर जाऊन घरटी खरवडून आणत. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि वनखातं यांनी २००० नंतरच्या काळात याला आळा घातला. ही पाकोळी जात म्हणून आज धोक्यात नाही, पण त्या गुहेतली वसाहत नक्की धोक्यात होती. आणि जात संपते ती अशीच, एकेक वसाहत करत.

इथे कर्ता स्पष्ट आहे. लोभ. घरटं काढणारा इथला, सूप पिणारा हजारो किलोमीटर दूर. ही सिनेमातली गोष्ट आहे आणि खरीही आहे. पण अशा गोष्टी आपल्याला वाटतात तेवढ्या नसतात.

दुसरी गोष्ट कासवाची. आमच्याकडे बहुतेक देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. त्याला हात लावून आपण आत जातो. त्याच किनारपट्टीवर समुद्री कासवांची अंडी वर्षानुवर्षं काढून खाल्ली, विकली गेली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री वाळूवर येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळूने झाकते आणि निघून जाते. परत मागे वळून बघत नाही. सकाळी तिच्या पायांचा माग वाळूत स्पष्ट दिसतो. तो वाचता येणाऱ्याला घरटं सापडायला पाच मिनिटं पुरतात.

अंडी काढणारा माणूस कासवाचा वैरी नव्हता. त्याला फुकट अंडी मिळत होती, थोडे पैसे मिळत होते. त्याचे आजोबाही तेच करत. आजोबांच्या काळात विहीर भरलेली होती, एवढाच फरक.

२००२ साली सह्याद्री निसर्ग मित्रने रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. हे काम नीट करू शकणारे लोक कोण? तेच, ज्यांना माग वाचता येत होता. काल अंडी काढणारे हात आज अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरू लागले. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर आली की ती समुद्राकडे सोडू लागले. पुढे कासव महोत्सव सुरू झाले, पर्यटक आले, घरगुती जेवणाचे पैसे गावात राहू लागले. आज आमच्या जिल्ह्यातही वायंगणी, तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर हे काम चालतं.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या माणसांना कोणी राक्षस म्हटलं असतं, तर ती माणसं पहाऱ्याला आलीच नसती. आणि ‘अंडी नष्ट होतात’ असं कर्त्याशिवायचं वाक्य बोलत बसलो असतो, तर कोणाकडे जायचं हेही कळलं नसतं. कर्ता ओळखायचा असतो तो त्याला फटके मारायला नव्हे. त्याच्याशी बोलता यावं म्हणून.

*

आता गिधाडं. आईसमोर सांगायला अवघड वाटली ती गोष्ट.

१९८० च्या दशकापर्यंत भारतात गिधाडं कोट्यवधींच्या संख्येत होती. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आकाशातून उतरायची. मराठीत त्यांच्या वाट्याला शिवीच आली. कोणी संपत्तीवर तुटून पडलं की आपण म्हणतो, गिधाडं जमली. रामायणातला जटायू मात्र आपण वेगळा ठेवला. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ टाकेदला तो पडला अशी श्रद्धा आहे आणि लोक तिथे दर्शनाला जातात.

१९९० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश राजस्थानात भरतपूरला पक्ष्यांच्या नोंदी घेत होते. तिथली गिधाडं मान टाकून बसलेली दिसू लागली. मग झाडाखाली मेलेली दिसू लागली. मग दिसेनाशी झाली. हीच गोष्ट देशभर होत होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घसरली. म्हणजे हजार होती तिथे एक उरलं.

रोग असावा, असं आधी वाटलं. जंगलतोड? गिधाडं गावाजवळच राहत होती. शिकार? गिधाडाला कोण खातो? कीटकनाशक? तेही नव्हतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाबात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना उत्तर सापडलं. डायक्लोफेनॅक. आपल्या घरातल्या डब्यातही असेल असं साधं वेदनाशामक औषध. ते स्वस्त झालं होतं आणि गुरांनाही सर्रास देऊ लागले होते. औषध दिल्यावर लगेच मेलेल्या जनावराचं मांस गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडत आणि काही दिवसांत ते मरे.

इथे विहिरीचा हिशेब आठवा. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं तेव्हा कळलं, की शंभर मढ्यांमागे एकापेक्षाही कमी मढ्यात हे औषध असलं, तरी एवढी घसरण व्हायला पुरतं. कारण एका मढ्यावर गिधाडांचा थवाच्या थवा जेवतो.

मग कर्ता कोण?

गाय लंगडते, बैलाला उठवत नाही, म्हशीच्या कासेला सूज आलीय. घरातली बाई रात्री दोनदा उठून गोठ्यात जाते. सकाळी डॉक्टर येतो, इंजेक्शन देतो, जनावराला आराम पडतो. बहुतेक जनावरं बरी होतात. एखादं म्हातारं जनावर मात्र दुसऱ्या दिवशी मरतं. ते नेहमीसारखं माळावर नेऊन टाकतात.

आमच्या गोठ्यात कधी ते औषध दिलं होतं का, मला माहीत नाही. आईलाही माहीत नाही. इंजेक्शनचं नाव कोण विचारतं? पण दिलं असेल, तर आईने ते गाईच्या मायेपोटी द्यायला लावलं असेल. या गोष्टीत बंदूक नाही, हाव नाही. एका प्राण्यावरची दया दुसऱ्या प्राण्याच्या मुळावर आली.

*

मी हे सगळं शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. आई वाती वळायची थांबली होती. पुतणी म्हणाली, “मग आजीचा दोष नाही ना?”

हा प्रश्न मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय. माझं उत्तर असं आहे.

दोष आणि जबाबदारी हे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते सारखे गोंधळतो. २००४ पूर्वी डायक्लोफेनॅक देणाऱ्याचा दोष नव्हता. त्याला कळणं शक्यच नव्हतं, जिथे शास्त्रज्ञांनाच कळायला इतकी वर्षं लागली. पण २००४ नंतर जग बदललं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेलं औषध मिळू लागलं. तरी माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनच्या बाटलीचा आकारच ३ मिलिलिटरवर आणावा लागला. बंदीनंतर ती बाटली विकणारा, टोचणारा, माहीत असून गप्प बसणारा, यांना आईचं निरागसपण उसनं घेता येत नाही. कृती तीच. इंजेक्शन तेच. मधे फक्त एक गोष्ट आली. कळणं.

म्हणून ‘आम्हाला काय माहीत’ हे वाक्य एकदाच वापरता येतं.

आणि जबाबदारी दोषाची वाट बघत नाही. गोठ्यातल्या बाईचा दोष नव्हता, तरी औषध बदलायचं काम गोठ्यातच होणार होतं. आपण नेहमी उलटं करतो. आधी दोषी कोण ते ठरवू, मग त्याने निस्तरावं. दोषी सापडत नाही, तोवर विहीर आटते.

*

इथे दोन आक्षेप येतात. ते आमच्या पडवीतही आले, कारण तोवर शेजारचे दोघे-तिघे चहाला आले होते.

पहिला: जाती नष्ट होणं निसर्गातच आहे. डायनोसॉर काय माणसाने मारले? नाही, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी माणसाशिवायच संपले. पण मरण नैसर्गिक आहे म्हणून कोणी तिठ्यावर ब्रेक न लावता गाडी चालवत नाही. निसर्गात एखादी गोष्ट घडते, एवढ्यावरून ती आपण करायला मोकळे होत नाही.

दुसरा: गिधाडं गेली तर माणसाचं काय अडलं? याचं उत्तर मिळालंय आणि ते भयंकर आहे. मढी पडून राहू लागली, पाणी दूषित झालं, भटकी कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जादा दगावली. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाची अंत्यसंस्काराची शतकांची रीतच अडचणीत आली आणि तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रणा बसवावी लागली.

तरी मला या उत्तरावर थांबायचं नाही. उपयोगी म्हणून जगू द्या, असं म्हटलं की बिनउपयोगाच्या प्राण्याचं काय? कासव नसेल तर तुमचा-माझा उद्याचा दिवस अडणार नाही. मुलांना तर हे आधीच कळतं. घरातल्या आजारी माणसाचा उपयोग काय, असा हिशेब कोणतंही मूल करत नाही. तो आपण मोठे त्यांना शिकवतो.

खरा अवघड आक्षेप तिसरा, आणि तो कोणी बोललं नाही. किंमत कोणी मोजायची? १९८७ मध्ये मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि मच्छीमारांनी विरोध केला. त्यांना समुद्र नकोसा नव्हता. आपलंच पोट पहिलं का कापलं जातंय, हा त्यांचा प्रश्न होता. गोगलगाईपासून देवमाशापर्यंत कोणाचंही रक्षण करायचं ठरलं, की बिल बहुतेक वेळा त्यांच्या हातात पडतं ज्यांनी सगळ्यात कमी खाल्लेलं असतं.

म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्राने घेतलेला एक निर्णय मला आवडतो. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि त्याला सोडवायला मच्छीमाराने जाळं कापलं, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकलं तर ते पाण्यातच गुदमरतं. जाळं कापणारा हात मच्छीमाराचा, पण जाळ्याची किंमत सगळ्यांची. जबाबदारी वाटून घेणं म्हणजे काय, हे मला याहून सोपं सांगता येणार नाही.

*

संध्याकाळी तिठ्यापर्यंत चालत गेलो. हायवे चौपदरी झालाय. लहानपणी या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोठी झाडं होती, एसटीच्या खिडकीतून फांद्या लागायच्या. आता मुंबईहून येताना माझा वेळ वाचतो. पावसाळ्यात सकाळी याच रस्त्यावर चिरडलेले बेडूक, साप, कधी उदमांजर दिसतं. ‘प्राणी रस्त्यावर मरतात.’ पुन्हा कर्ता गायब. रात्री नव्वदच्या वेगाने मी आलो होतो. लोभ नव्हता, भूक नव्हती, दयाही नव्हती. फक्त सोय होती. मला वाटतं, आपल्या पिढीचा कर्ता हाच आहे, आणि तो आरशात इतका सभ्य दिसतो की ओळखूच येत नाही.

घरी आलो तर पुतणीने चार्ट बदलला होता. मुद्दे तेच, वाक्यं वेगळी. ‘माणसे घरांसाठी, रस्त्यांसाठी आणि शेतीसाठी जंगले तोडतात.’ ‘काही लोक पैशांसाठी आणि काही लोक पोटासाठी प्राणी पकडतात.’ पांढऱ्या अस्वलाच्या जागी तिने पेन्सिलने गिधाड काढलं होतं. ते कोंबडीसारखं दिसत होतं. खाली लिहिलं होतं, ‘आम्ही आमच्या गुरांना औषध दिले. आम्हाला माहीत नव्हते. आता माहीत आहे.’

विसर्जनानंतर दोन दिवसांनी आमची गाय मागच्या पायाने लंगडायला लागली. गुरांचा डॉक्टर आला. त्याने पिशवी उघडली, तशी आई पुढे झाली. “डॉक्टरानू, ह्या खयच्या औषध?”

तो जरा चकित झाला. “मेलॉक्सिकॅम, काकी. कित्याक?”

“काय नाय. इचारलंय.”

तो गेल्यावर मी बाहेर येऊन वर पाहिलं. आकाश मोकळं होतं. दोन घारी होत्या, गिधाड एकही नाही. वर्षानुवर्षं नाही. मग आईच्या विचारण्याचा उपयोग काय, असं कोणी विचारेल.

मढं टाकायचा तो कातळ अजून तिथेच आहे. त्यावर काही उतरायचंच असेल, तर खाली काय टाकलंय हे आम्हाला आधीपासून माहीत असायला हवं.